256 जणांनी दूध घातलं, बॅशचं फंक्शन म्हणतं शून्य. आणि पायथनचं फंक्शन तोंडच उघडत नाही

शेलकरी (प्रश्न)

मंडळी, नमस्कार. राधानगरी तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत कारकून आहे. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर एमएससीआयटी, बाकी सगळं रात्री जागून. संस्थेचं बिलाचं सॉफ्टवेअर विंडोजवर आहे, त्यात आपल्याला हात घालता येत नाही. ते सकाळ-संध्याकाळ एक सीएसव्ही फाइल काढून देतं. एका ओळीत एक उत्पादक: खातं नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ). ती फाइल मी बाजूच्या जुन्या डबड्यावर घेतो. त्यावर उबुंटू (लिनक्स) टाकलंय. तिथे माझ्या बॅशमधल्या (बॅश म्हणजे टाइप केलेल्या कमांडा चालवणारा शेल) स्क्रिप्टनं ताळा करतो आणि चेअरमनना मेसेज पाठवतो, की आज इतक्या खात्यांचं दूध आलं.

खाती मोजायचं फंक्शन असं आहे. (फंक्शनची नावं खरंच मराठीत आहेत, बॅश घेतं. व्हेरिएबलला मात्र मराठी नाव चालत नाही, ती मी इंग्रजीत ठेवलीत. इथे वाचायला बरं म्हणून सगळंच देवनागरीत लिहितोय.)

खाती_मोज() {
  लोकल टोटल
  टोटल=$(डब्ल्यूसी -एल < "$1")
  रिटर्न $टोटल
}

खाती_मोज सकाळ.सीएसव्ही
इको "आज $? खाती"

सात-आठ महिने बिनबोभाट चाललं. मध्यंतरी शेजारच्या वाडीची संस्था बंद पडली आणि तिकडचे लोक आमच्याकडे दूध घालायला लागले. मागच्या सोमवारी सकाळी 251 खाती, बरोबर. मंगळवारी चेअरमनचा फोन, "काय रे, सगळे संपावर गेले काय?" मेसेज गेलेला: आजचं संकलन निरंक. मी डेअरीतच उभा, समोर दारापर्यंत किटल्यांची रांग. फाइल उघडून बोट ठेवून ओळी मोजल्या, 256. बुधवारी 259 खाती होती, मेसेज गेला 3 चा. डब्ल्यूसीची (ओळी मोजायची) कमांड हाताने मारली तर 259 च सांगते. म्हणजे फाइल बरोबर, मोजणी बरोबर, आणि फंक्शनच्या दारातून बाहेर पडताना 256 खाती गायब.

दुसरी भानगड पायथनची. बॅशला अपूर्णांक जमत नाहीत हे कळलंय, 6.5 गुणिले 34 दिलं की .5 वर बोट ठेवून एरर देतं. म्हणून रक्कम काढायचं फंक्शन भाच्यानं पायथनमध्ये लिहून दिलं. तो इंजिनियरिंगला आहे, सुट्टीत आला होता. रक्कम.पीवाय नावाची फाइल, आत हे:

डेफ रक्कम(लिटर, फॅट, एसएनएफ):
  दर = 34 + (फॅट - 3.5) * 5 + (एसएनएफ - 8.5) * 3
  रिटर्न लिटर * दर

(गायीचं दूध, 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला मूळ दर. फरकाचे आकडे नमुन्याला टाकलेत, खरा दरतक्ता मोठा आहे.) भाच्यानं त्याच्या लॅपटॉपवर करून दाखवलं, झकास आकडा आला. मी बॅशमधून

पायथन3 रक्कम.पीवाय 6.5 3.8 8.6

असं चालवलं. काही नाही. एरर नाही, आकडा नाही, नुसता प्रॉम्प्ट परत. मग बॅशच्या सवयीनं पायथनमध्ये जाऊन "रक्कम 6.5 3.8 8.6" टाकलं, तर सिंटॅक्स एरर. नुसतं "रक्कम" टाकलं तर "फंक्शन रक्कम, अमुक पत्त्यावर" असलं काहीतरी. उलट बॅशमध्ये पायथनसारखं खाती_मोज(सकाळ.सीएसव्ही) केलं तर तेही ओरडतं. भाचा फोनवर म्हणतो, "मामा, बॅश सोडा." पण आठ महिन्यांचं काम आहे हो.

तर विचारणं एवढंच: 256 चं शून्य का होतं? आणि दोन्ही भाषांतली फंक्शनं एकमेकांना बोलवायची रीत काय? बॅशनं पायथनला बोलवायचं की पायथननं बॅशला?

जाता जाता: खातेवार बेरजेचा ताळा दीड महिना लागत नाहीये. एकूण लिटर पैशापर्यंत जुळतात, पण खातेवार नाही. ते आमचा मापाडी गर्दीत खातं चुकीचं मारतो म्हणून. त्याचं औषध इथे नाही, सोडा.

---

कन्सोलकाका

शेलकरी, तुमचं फंक्शन तुम्ही सांगितलं तेच करतंय. फक्त "रिटर्न" या शब्दाचा अर्थ दोन भाषांत दोन निघतो, आणि तुम्ही बॅशमध्ये पायथनचा अर्थ लावला.

थोडं मागे जातो, मला राहवत नाही. मूळ बोर्न शेल 1979 सालच्या युनिक्सबरोबर बाहेर आला, त्यात फंक्शन नव्हतंच. फक्त कमांड. फंक्शन नंतर, 1984 च्या युनिक्स सिस्टिम फाइव्हमध्ये आलं, आणि आलं ते कमांडचाच अंगरखा घालून. ब्रायन फॉक्सनं 1989 मध्ये ग्नू प्रकल्पासाठी बॅश लिहिला, त्यात तोच वारसा आला. म्हणून बॅशचं फंक्शन म्हणजे गणितातलं फंक्शन नव्हे. ती तुमच्या घरची एक छोटी कमांड आहे. एलएस किंवा ग्रेपला तुम्ही कंस घालून बोलावता का? नाही. नाव, मग मोकळी जागा, मग आर्ग्युमेंट. तसंच खाती_मोज. व्याख्येत जे रिकामे कंस आहेत ते शोभेचे, त्यात कधी काही लिहायचं नसतं. आत आलेलं $1, $2 मध्ये मिळतं, किती आलं ते $# मध्ये.

आता कमांड संपली की ती काय देऊन जाते? एक छोटा आकडा, "झालं" की "नाही झालं" सांगायला. तुमच्या $? मध्ये तोच दिसतो. शून्य म्हणजे झालं, बाकी काहीही म्हणजे नाही झालं. हा आकडा एका बाइटचा, म्हणजे 0 ते 255. तुम्ही 256 दिलेत, 256 नं भागून बाकी शून्य. 259 ची बाकी 3. 251 होते तोवर बाइटात मावत होते म्हणून आठ महिने लाज राखली गेली. खरं तर पहिल्या दिवसापासून चूक होती. शेलच्या दृष्टीनं तुमची संस्था रोज 251 नंबरच्या अपयशानं बंद होत होती, आणि ज्या मंगळवारी 256 झाले तो आठ महिन्यांतला पहिला यशस्वी दिवस! कधी 127 खाती आली असतील तर शेलच्या भाषेत त्याचा अर्थ "कमांड सापडली नाही" असा होतो.

आकडा बाहेर द्यायचा तर तो छापायचा, आणि बोलावणाऱ्यानं तो टिपून घ्यायचा:

खाती_मोज() {
  डब्ल्यूसी -एल < "$1"
}

आज=$(खाती_मोज सकाळ.सीएसव्ही)
इको "आज $आज खाती"

रिटर्न लागतच नाही. ते ठेवा फक्त बरं-वाईट सांगायला: फाइल नसेल तर रिटर्न 1.

या पद्धतीत तीन ठिकाणी पाय घसरतो, मी स्वतः तिन्ही ठिकाणी पडलोय.

एक. $( ) मध्ये जे चालतं ते वेगळ्या उपशेलमध्ये चालतं. फंक्शनच्या आत तुम्ही एखादं बाहेरचं व्हेरिएबल बदललंत, तर तो बदल तिथेच विरतो, बाहेर येत नाही. आणि $( ) न लावता सरळ बोलावलंत तर उलटा प्रकार: "लोकल" लिहिलं नसेल तर आतलं प्रत्येक व्हेरिएबल सगळ्या गावाचं. सकाळच्या बेरजेच्या मधोमध संध्याकाळचं फंक्शन बोलावलं आणि दोघांत "टोटल" एकच नाव असेल, तर सकाळची बेरीज गेली. पायथनमध्ये उलट आहे, फंक्शनच्या आत किंमत दिलेलं नाव आपोआप आतलंच राहतं. पायथन 1991 चा आहे, फंक्शन त्यात जन्मापासून आहे, मागाहून शिवलेलं नाही. ते जाणवतं.

दोन. फंक्शनच्या आत "फाइल वाचतोय..." असा गमतीचा इको टाकलात तर तोही $( ) टिपून घेतो आणि तुमच्या आकड्याला चिकटतो. असले निरोप एररच्या वाटेनं पाठवायचे, ओळीच्या शेवटी >&2.

तीन. "लोकल टोटल=$(कमांड)" असं एका ओळीत लिहिलंत की कमांड फसली तरी $? शून्यच दिसतो, कारण तो "लोकल"चा निकाल असतो आणि लोकल सहसा नापास होत नाही. तुम्ही आधी लोकल, मग पुढच्या ओळीत किंमत, असं लिहिलंय. मुद्दाम की नकळत माहीत नाही, पण बरोबर आहे.

आता भाच्याच्या फंक्शनबद्दल. ते मुकं नाही हो, त्याला कुणी बोलावलंच नाही. फाइलीत "डेफ" आहे, म्हणजे फंक्शन तयार झालं. तुम्ही फाइल चालवलीत, पायथननं ते तयार केलं, फाइल संपली, घरी गेलं. 6.5 3.8 8.6 हे तुमचे आकडे दारात तसेच उभे. आणि पायथनचं "रिटर्न" किंमत बोलावणाऱ्या पायथनच्या हातात देतं. बॅशला ते हात दिसत नाहीत. बॅशला दिसतं फक्त छापलेलं. म्हणून खाली एवढं जोडा:

इम्पोर्ट सिस
इफ __नेम__ == "__मेन__":
  ल, फ, स = [फ्लोट(क्ष) फॉर क्ष इन सिस.आर्गव्ही[1:4]]
  प्रिंट(रक्कम(ल, फ, स))

फ्लोट विसरू नका. बॅशकडून येतं ते सगळं अक्षर म्हणून येतं. पायथनला "5" हे अक्षर दिलंत आणि त्याला 34 नं गुणायला सांगितलंत, तर तो 170 देत नाही, पाच हा अंक चौतीस वेळा ओळीनं लिहून देतो. अशी रक्कम बिलावर छापली गेली तर उत्पादक खूश होतील, संचालक मंडळ नाही.

मग बॅशमध्ये:

पैसे=$(पायथन3 रक्कम.पीवाय "$लिटर" "$फॅट" "$एसएनएफ") || रिटर्न 1

पायथनमध्ये काही फुटलं तर तो 1 नं बाहेर पडतो आणि रडगाणं एररच्या वाटेनं जातं, पैसे रिकामं राहतं. म्हणून ते शेवटचं || महत्त्वाचं.

माझं मत विचाराल तर बाहेर बॅश, आत पायथन. फाइल उचलणं, हलवणं, मेसेज धाडणं बॅशनं करावं. पैशाला पायथननं हात लावावा. दोघांमध्ये पूल एकच, अक्षरांचा. दुसरं काही त्या पुलावरून जात नाही.

---

पायथनपंथी

भाचा बरोबर बोलतोय. काकांचं सगळं मान्य, फक्त मत सोडून. 😀

एकतर 259 ओळींसाठी 259 वेळा पायथन सुरू करायचा हा काय प्रकार? सबंध फाइल एकदाच द्या, पायथन3 रक्कम.पीवाय < सकाळ.सीएसव्ही, आत सीएसव्ही मॉड्यूलनं वाचा, एका दमात सगळ्या रकमा छापा.

दुसरं, पैशाला फ्लोट लावू नका. राउंड(2.675, 2) करून बघा, 2.68 नाही, 2.67 येतं. 2.675 हा आकडा कॉम्प्युटरच्या 0-1 च्या (बायनरी) पद्धतीत नेमका बसत नाही, आत थोडा कमीच साठवला जातो. डेसिमल मॉड्यूल घ्या, आकडा अक्षर म्हणूनच द्या, क्वांटाइझ करा (दोन दशांशांवर आणा) आणि राउंडिंगला राउंड_हाफ_अप सांगा, तसं न सांगितल्यास अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम अंकाकडे जातो आणि वहीशी जुळत नाही. (मग सूत्रातले 3.5 आणि 8.5 पण डेसिमलच करा, डेसिमल आणि फ्लोट एकत्र गुणायला गेलात तर टाइपएरर.)

तिसरं, गंमत म्हणून. पायथन 3 मध्ये डेफ रक्कम(लिटर, दर) हे खरंच मराठीत चालतं, व्हेरिएबलसकट. आणि इंट("२५६") सुद्धा 256 देतं. देवनागरी आकडे त्याला आकडेच वाटतात, डेसिमललाही. बॅशला नाही. लाइट गेल्यावर वहीवरून फाइल भरताना कुणी मराठी कीबोर्डवर आकडे मारत असेल तर हे उपयोगी पडेल.

आणि चौथं, ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो. तुमचे खातं नंबर 007, 010 असे आहेत का? असतील तर बेरजेच्या स्क्रिप्टमध्ये पुढची शून्यं कशी काढता? ती ओळ इथे टाका. मला मापाड्याची काळजी वाटायला लागलीय.

---

शेलकरी

काका, साष्टांग. आज सकाळी 260 आले, मेसेज 260 चा गेला. ते लोकल दोन ओळीत नकळतच लिहिलं होतं, खोटं कशाला सांगू.

पायथनचं पण झालं. आधी काकांच्या पद्धतीनं केलं, मग पंथींच्या, एकदाच सगळी फाइल. पहिल्या पद्धतीत चहा गार व्हायचा असं नाही, पण फरक डोळ्याला दिसतो.

लाइट गेल्यावरचं कसं ओळखलंत? वहीवरून फाइल मीच भरतो आणि मराठी कीबोर्ड चालू राहिलेला असतो.

पंथी, खातं नंबर तसेच आहेत, 001 पासून. शून्यं काढायची ओळ ही:

(( नं = $खातं )) 2>/डेव्ह/नल

त्यापुढे "$नं $लिटर" एका फाइलीत टाकतो आणि ऑककडून (ओळी वाचून बेरजा करणारी कमांड) खातेवार बेरीज करून घेतो. मागचं ते 2>/डेव्ह/नल का, तर ही ओळ कधीकधी "व्हॅल्यू टू ग्रेट फॉर बेस" असं काहीतरी बरळायची. आकडे तर येत होते, मग म्हटलं तोंड बंद करा याचं.

काय चुकलंय?

---

पायथनपंथी

अरे देवा.

बॅशच्या गणितात आकड्याच्या पुढे शून्य असेल तर तो आकडा आठच्या पटीतला (ऑक्टल, म्हणजे दहाऐवजी आठाच्या गटांनी मोजलेला) धरतात. म्हणजे 010 हे दहा नव्हे, आठ. 012 म्हणजे दहा. 077 म्हणजे 63. तुम्ही खातं 012 चं दूध 10 च्या नावावर टाकताय.

आणि आठच्या पटीत 8 आणि 9 हे अंकच नसतात. म्हणून 008, 019, 085 आलं की एरर. तीच, जिचं तुम्ही तोंड बंद केलंत. एरर आल्यावर ती ओळ सोडून स्क्रिप्ट पुढे जाते, पण "नं" मध्ये आधीच्या ओळीचाच आकडा राहतो. म्हणजे त्या माणसाचं दूध, रांगेत त्याच्या आधी जो उभा होता त्याच्या खात्यावर!

एकूण लिटर जुळणारच, थेंबही सांडलेला नाही. फक्त किटल्या बदलल्यात.

(( नं = 10#$खातं ))

10# म्हणजे "दहाच्या पटीत वाच". आणि ते /डेव्ह/नल आधी उपटून टाका. पायथनमध्ये इंट("010") सरळ 10 देतं, पण ते मी बोलत नाही आता.

---

रात्रपाळी

उशिरा आलो, माझ्या वाट्याला उरलेलं सांगतो.

शेलकरी, स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा) लावणार असाल (किंवा लावली असेल) तर ओळ "एसएच ताळा.एसएच" अशी लिहू नका. उबुंटूवर 2006 च्या 6.10 आवृत्तीपासून एसएच म्हणजे बॅश नव्हे, डॅश. छोटा, चपळ आणि कडक सोवळ्याचा. तुमची मराठी नावाची फंक्शनं बॅश घेतो, डॅश "बॅड फंक्शन नेम" म्हणून पहिल्याच ओळीला हाकलतो. (( )) पण त्याला कळत नाही. फाइलीच्या माथ्यावर #! ची बॅशची ओळ असली तरी, एसएचच्या तोंडी दिली की ती ओळ नुसती टिप्पणी ठरते. हाताने चालवलं की चालतं आणि क्रॉनमधून नाही, असा प्रश्न घेऊन दर महिन्याला कुणीतरी येतं, त्यातले निम्मे इथे अडकलेले असतात.

उलटी दिशा विचारलीत, पायथनमधून बॅशचं फंक्शन. होतं. पण पायथनच्या सबप्रोसेसमध्ये (बाहेरच्या कमांडा चालवायचं मॉड्यूल) शेल=ट्रू लिहिलंत की तो पुन्हा एसएचलाच म्हणजे डॅशलाच हाक मारतो, आणि "सोर्स नॉट फाउंड" येतं (सोर्स म्हणजे दुसरी फाइल आत वाचून घ्यायची बॅशची कमांड). म्हणून बॅशचं नाव घेऊन बोलवा:

सबप्रोसेस.रन(["बॅश", "-सी", '. ./ताळा.एसएच; खाती_मोज "$@"', "_", "सकाळ.सीएसव्ही"], कॅप्चर_आउटपुट=ट्रू, टेक्स्ट=ट्रू, चेक=ट्रू)

मधलं ते एकटं "_" गाळू नका. -सी च्या मजकुरानंतरचा पहिला शब्द $0 मध्ये जातो, $1 मध्ये नाही. गाळलंत तर तुमची फाइलच $0 होऊन बसते आणि फंक्शनला आर्ग्युमेंट मिळत नाही. एक अख्खी रात्र मी यावर घालवलीय, नाव उगाच नाही घेतलेलं. चेक=ट्रू म्हणजे बॅश नापास झाला तर पायथन गप्प बसणार नाही.

कुणीतरी "एक्स्पोर्ट -एफ" सुचवेल, म्हणजे फंक्शन एन्व्हायर्नमेंटमधून (एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे जाणारी व्हेरिएबलं) पुढच्या बॅशला द्यायचं. चालतं, पण नेमक्या त्याच सोयीत 1989 पासून एक भोक होतं, ते 2014 च्या सप्टेंबरात सापडलं. शेलशॉक. फंक्शनची व्याख्या संपल्यावर पुढे जे काही चिकटवलं असेल तेही बॅश मुकाट्यानं चालवायचा, आणि वेब सर्व्हर तर बाहेरच्या माणसानं पाठवलेलं एन्व्हायर्नमेंटमध्ये भरतात. भोक बुजवलंय. मी तरी फंक्शनची फाइल वेगळी ठेवतो आणि जिथे हवी तिथे सोर्स करतो. फक्त त्या फाइलीत नुसती फंक्शनं असू देत, कामं नकोत. नाहीतर पायथननं खाती मोजायला हाक मारायची आणि चेअरमनना मेसेज जायचा.

---

शेलकरी

रात्रपाळी साहेब, क्रॉनमध्ये एसएचच लिहिलं होतं. रात्रीचा ताळा कधीच का चालला नाही ते आज कळलं. मी समजत होतो रात्री मशीन झोपतं.

आता मुख्य. 10# लावून दीड महिन्याच्या सगळ्या फाइली परत चालवल्या. खातेवार बेरीज बिलाच्या सॉफ्टवेअरशी तंतोतंत. एकही खातं चुकलेलं नाही. वहीवर बसून हिशेब केला: पहिल्या 99 खात्यांत माझ्या जुन्या स्क्रिप्टनं 1 ते 7 तेवढी बरोबर धरली, 56 दुसऱ्याच्याच नावावर टाकली, आणि 36 रांगेत आधी उभ्या असलेल्याच्या. 100 च्या पुढच्यांचं स्वतःचं दूध ठीक. म्हणूनच शेजारच्या वाडीच्या लोकांचा ताळा बहुतेक लागायचा आणि आमच्या जुन्या सभासदांचा नाही. मी त्यावरून मापाड्याला म्हणालो पण होतो, की नवीन लोकांचं लक्ष देऊन मारतोस आणि घरच्यांचं वाऱ्यावर.

पैसे मात्र कुणाचे गेले नाहीत. दहा दिवसांची बिलं त्या विंडोजवाल्या सॉफ्टवेअरवरूनच निघतात, माझं फक्त ताळ्याला. तेवढं वाचलं.

काका, बाहेर बॅश आत पायथन असंच ठेवलंय. पंथींनी रागावू नये, खातं नंबर पण आता पायथनच वाचतो.

मापाड्याला संध्याकाळी सगळं सांगितलं, आठचं गणित सोडून. तो काही बोलला नाही, रांग संपेपर्यंत मापं घालत राहिला. मग हात पुसत म्हणाला, "आणि वहीत माझ्या नावापुढं लाल पेनानं लिवून ठेवलाईस, ते?" सत्तावीस ठिकाणी आहे. उद्या बसतो खोडायला.